ताईंनी शिवलेली बाई

आधीच सांगते, मी या गोष्टीत निष्पक्ष नाही. ज्यांना दुसरी बाजू हवी असेल त्यांनी कादंबरीकारांच्या मुलाखती वाचाव्यात, ढिगाने छापून आल्या आहेत. त्यांच्या बहिणीची मुलाखत घ्यायला मात्र कोणी फिरकलं नाही. म्हणून तिच्याबद्दल मी लिहिते आहे, आणि रागाने लिहिते आहे.

बहीण म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताई. पाठीमागे लोक त्यांना 'टाचणी' म्हणत, कारण कामाला बसल्या की ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्याच. टाचण्यांसकट त्या बोलत, हसत, पोट आत घेऊन माप देणाऱ्या बायकांना दटावत, आणि एकदाही एखादी गिळल्याचं ऐकिवात नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, भिंतीला उभा आरसा, एका कोपऱ्यात पडदा लावून कपडे बदलायची जागा, आणि मागे आतल्या खोलीचं दार. समोरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. माझे सगळे कपडे ताईंनी शिवलेले, त्यामुळे माझी मापं आणि माझी गाऱ्हाणी दोन्ही त्यांना तोंडपाठ होती.

त्यांचा धाकटा भाऊ कादंबरीकार. बाहेर सगळे त्याला 'सर' म्हणत, घरात तो 'बाळ' होता. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी बाळच. समोर आला की मीही 'अहो सर' करते, नोकरीचा भाग आहे. इथे करणार नाही. लहानपणी भिंतीवरून पडल्यामुळे त्याचा डावा खांदा जरा खाली आहे. तयार कोट त्याला कधीच बसत नाही, एका बाजूने ओघळतो. त्याचे कोट ताईच शिवत आणि डाव्या खांद्यात आतून कापूस भरत. सभांमधून ज्या रुबाबाचं कौतुक व्हायचं, तो रुबाब त्या कापसाचा होता.

आता त्या दोघांच्या आईबद्दल. शेवटच्या वर्षी त्यांना काही आठवेनासं झालं होतं. ताईंना त्या कधी मावशी म्हणत, कधी बाई म्हणत. उठायच्या आणि स्वतःच्या आईला शोधायला थेट रस्त्यावर जायच्या. एकदा एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचल्या. तेव्हापासून ताई बटणं आणायला किंवा कपडे पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेल्या तरी बाहेरून कुलूप लावून जात आणि पळत परत येत. एरवी मधलं दार सताड उघडं. आईला पलंगावरून ताईंची पाठ दिसायची. मशीनचा आवाज चालू असला की त्यांना शांत झोप लागे, थांबला की दचकून जाग्या होत आणि रडायला लागत. त्यामुळे हातातलं काम संपलं तरी ताई रिकामं मशीन चालवत बसायच्या. कापड नाही, दोरा नाही, नुसती सुई वरखाली. मी वाचनालयाच्या खिडकीतून हे रोज पाहिलेलं आहे.

त्या वर्षात बाळ एकदा आला होता. नेमक्या ताई बाहेर गेलेल्या. त्याने कुलूप पाहिलं, पायरीवर थोडा वेळ बसला, कंटाळला आणि निघून गेला. नंतर तो उगवला तो आई गेल्यावर, सगळं उरकल्यावर. तोवर कुठेतरी दूर साहित्य संमेलनात भाषण करत होता.

त्या एका कुलपावर त्याने कादंबरी लिहिली. तिच्यातली थोरली बहीण शिवणकाम करते, आजारी आईला मागच्या खोलीत कोंडते, आणि आईच्या 'पाणी, पाणी' अशा हाका ऐकू येऊ नयेत म्हणून मशीन जोरजोरात चालवते. शेवटी आई तहानेने मरते आणि बहीण शांतपणे काजं करत बसते. मुखपृष्ठावर कुलूप. प्रस्तावनेत हे वाक्य: 'यातली एकही ओळ कल्पित नाही. मी साक्षीदार आहे.'

पुस्तक धो धो खपलं. माझ्याकडे लोक नंबर लावून नेत आणि परत करताना समोरच्या दुकानाकडे बघत. मग ताईंकडे नव्या बायका यायला लागल्या. कपड्याचं निमित्त, नजर मागच्या दारावर. एकीच्या लहान मुलीने विचारलंच, "आजीला इथेच कोंडलं होतं का?" तिच्या आईने तिला चिमटा काढला, पण उत्तर ऐकायला तीही थांबली. ताईंची जुनी मैत्रीण, बरोबर शिवण शिकलेली, रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. ताईंनी मधल्या दाराला पडदा लावला, तर लोक म्हणाले, बघा, लपवते. मग काढला, तर म्हणाले, बघा, कशी निर्लज्ज आहे.

ताईंनी ते पुस्तक माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचलं. रोज दुपारी थोडं थोडं. संपल्यावर मिटून माझ्यापुढे सारलं आणि म्हणाल्या, "मशीनचा आवाज मात्र छान लिहिलाय."

मी तडकले. म्हटलं, "ताई, त्याने केसाने गळा कापलाय तुमचा. वर्तमानपत्राला लिहा. मी लिहून देते."

"काय लिहू? मी आईला मारलं नाही, असं? असं छापून आणणाऱ्या बाईवर तू तरी विश्वास ठेवशील का?"

मी पुस्तक उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"त्याचं खोटं त्याच्याच तोंडून बाहेर पडलं पाहिजे," ताई म्हणाल्या. "चारचौघांत. माझ्या तोंडून निघून काही उपयोग नाही."

हे त्यांनी बटणाचा रंग सांगावा तसं सांगितलं. ताईंनी डूख धरला आहे हे मला तेव्हा कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

बाळचं येणं काही थांबलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी यायचा, खुर्चीवर तंगड्या पसरून बसायचा. एकदा आपणहून म्हणाला, "ताई, ती बहीण म्हणजे तू नव्हेस गं. ते प्रतीक आहे." बाहेर साक्षीदार, घरात प्रतीक. मग चहा पिऊन त्याचा ठरलेला प्रश्न यायचा, "काय नवीन? गिऱ्हाइकं काय म्हणतात?" शिवणाच्या दुकानात बायका काय काय बोलतात हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या निम्म्या कथा तिथूनच गेलेल्या. स्वतःच्या डोक्यातून गोष्ट काढणं त्याला जमत नसे. कानावर पडल्याशिवाय त्याची लेखणी हलायची नाही, आणि कानावर पडलेलं 'डोळ्यांनी पाहिलं' म्हटल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

एके दिवशी माझ्या कमरेचं माप घेता घेता ताई म्हणाल्या, "एक बाई आहे. वरच्या मजल्यावर एकटी राहते. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, एक दिवस निघून गेला. पुढे काय करेल ती?"

"कोण बाई?"

"कोणी नाही. सांग, काय करेल?"

मी म्हटलं, छत गळत असेल तर घरातच छत्री उघडून बसेल. हिरवी छत्री. का हिरवी, विचारू नका, माझ्या आईची होती. ताईंनी मान डोलावली आणि माप वाढल्याबद्दल मला बोलल्या.

नंतर शाळेतल्या बाई माप द्यायला आल्या. त्यांनी त्या बाईला डावखुरी केलं, कारण त्यांनी स्वतः डाव्या हातासाठी छड्या खाल्ल्या होत्या. इस्पितळातल्या नर्सने तिला छातीचं दुखणं दिलं. बेकरीवालीने सांगितलं की तिला कशाचाच वास येत नाही, नवरा जाताना नाकही घेऊन गेला. गल्लीतल्या सगळ्या बायका त्या बाईला काही ना काही देत गेल्या. पडदा ओढून आत कपडे बदलतानाही आतून आवाज यायचा, "ताई, तिने ती घड्याळं विकली का हो?" "नाही, सगळ्यांना चावी देत बसते." "सगळी एकाच वेळेला लावू नका, वेगवेगळी वाजू देत." ओळखीच्या बाईची चौकशी करावी तशी आम्ही तिची करायचो. का करतोय हे ताईंनी आम्हाला हळूहळू सांगितलं. ऐकून नर्स म्हणाली, "मग तिला जरा जास्तच आजारी पाडते." शिवण शिकलेली ती जुनी मैत्रीणसुद्धा एक दिवस पायरी चढून आत आली आणि तिने त्या बाईला एक मांजर देऊन टाकलं.

आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी हे सगळं थोडं थोडं करून बाळच्या कानावर पडायचं. ताईंच्या तोंडात टाचण्या, नजर कापडावर. "माझी एक गिऱ्हाईक आहे बिचारी," अशी सुरुवात. बाळच्या तंगड्या आपोआप आत यायच्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ताईंवर अन्याय होईल. त्यांनी त्याला संधी दिली होती. बाई आजारी पडल्यावर त्या म्हणाल्या, "बाळ, एकदा भेटून ये तिला. तुझी पुस्तकं वाचते ती." तो म्हणाला, बघू. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "फार खालावली आहे रे. कोणी बोलायलाही नाही." तो म्हणाला, "हो का? बोलते काय ती आजारपणात?" शेवटी तर ताईंनी मशीन थांबवून, टाचण्या काढून विचारलं, "पत्ता देऊ का?" तो म्हणाला, "नको, तू सांगतेस ते पुरेसं आहे." एकदा जरी तो जिना चढायला निघाला असता तरी त्याला कळलं असतं की असा जिनाच नाही. मला वाटतं, गेला असता तर ताईंनी तिथेच सगळं थांबवलं असतं. पण जो आईसाठी कुलूप उघडेपर्यंत थांबला नाही, तो या बाईकडे कशाला जातोय? पुढच्याच खेपेला ताईंनी सांगितलं, "गेली ती." बाळ हळहळला, आणि लगेच विचारलं, "शेवटी काय म्हणाली?"

"खिडकी उघडा म्हणाली," ताईंनी सांगितलं. हे नर्सचं होतं.

वर्ष सरायच्या आत कादंबरी बाजारात आली. मुखपृष्ठावर हिरवी छत्री. प्रस्तावनेत तेच, 'एकही ओळ कल्पित नाही', आणि शिवाय, 'अखेरच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता.' मी ते वाक्य ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुमच्या वाचनालयात लेखक-वाचक भेट ठेवता ना तुम्ही? बोलाव त्याला."

बोलावलं. त्यासाठी त्याने ताईंकडूनच नवा कोट शिवून घेतला, बंद गळ्याचा.

सभागृह भरलं होतं. आमच्या गल्लीच्या बायका जागोजागी पांगून बसल्या होत्या, ताई पहिल्या रांगेत. बाळच्या शेजारी त्याचा प्रकाशक, गुळगुळीत माणूस. माइक फिरवायचं काम माझ्याकडे होतं, ते मी शिपायाला करू दिलं नाही.

सुरुवातीचे प्रश्न नेहमीचेच. सर सकाळी लिहितात की संध्याकाळी? हाताने की संगणकावर? सकाळी, हाताने, शाईच्या पेनाने, असं सर म्हणाले आणि लोकांनी ते टिपून घेतलं. एका तरुणाने विचारलं की नव्या लेखकाचं पुस्तक कोण छापणार. प्रकाशक म्हणाला, "आम्ही खरेपणा बघतो. पहिल्या पानावर कळतं, लेखक हे जगला आहे की नाही." मी दातओठ खात पुढच्या हाताकडे माइक नेला. मग कोणीतरी प्रेरणेबद्दल विचारलं. बाळ खुर्चीत पुढे सरकला.

"कल्पनाशक्ती ही आळशी लेखकाची सोय आहे," तो म्हणाला. "मला ती नाही, आणि नको. मी माणसांजवळ जाऊन बसतो. बघतो. पहिल्या कादंबरीत मी माझ्या घराकडे पाहिलं, आणि त्याची किंमत मोजली." हे म्हणताना त्याने ताईंकडे बघून क्षमाशील चेहरा केला. तो चेहरा आठवला की आजही माझ्या हाताला खाज सुटते.

मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. त्यांना आमच्या भानगडीतलं काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, "ती घड्याळांची बाई खरंच होती का हो? मी रडलो वाचताना."

"होती," बाळ म्हणाला. आवाज खाली आणला. "मी रोज तिच्या उशाशी बसायचो. शेवटच्या दिवशी तिचा हात गार पडत चालला होता. ती मला म्हणाली, खिडकी उघडा. मी उघडली. वळून पाहतो तर..." आणि तो थांबला. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. बोलता बोलता त्याने गळ्याशी बोट घालून कॉलर ओढली.

नर्सने हात वर केला. मी आधीच तिच्यापाशी उभी होते.

"सर, ती खिडकी मी उघडायला लावली होती," ती म्हणाली. "ताईंकडे बाही बसवून घेताना. आधी 'पाणी द्या' म्हणणार होती ती, पण पाणी तुमच्या पहिल्या पुस्तकात येऊन गेलंय, म्हणून बदललं."

लोकांना काही समजेना. बाळ हसला, समजूतदारपणे. तेवढ्यात शाळेतल्या बाई उठल्या. "डावखुरी मी केली तिला." बेकरीवालीला माइक लागलाच नाही. "वास येत नाही ते माझं," ती जागेवरूनच ओरडली. "आणि सर, तुम्ही रोज उशाशी बसत होता तर मांजर कुठे झोपायचं ते सांगा. पुस्तकात नाही ते. आम्हाला ठाऊक आहे." जुनी मैत्रीण हळूच म्हणाली, "पायाशी. ते मी दिलं होतं." एकेका कोपऱ्यातून बायका उठायला लागल्या आणि आपापलं देणं सांगायला लागल्या. हिरवी छत्री माझी, असं मीही माइकवरून सांगितलं. ग्रंथपालाने असं करायचं नसतं. पहिल्यांदा हसले ते आजोबाच, आणि मग सभागृहच खदखदलं.

बाळची पुरती भंबेरी उडाली. आणि अशा वेळी त्याने काय करावं? बहिणीकडे वळला. "ताई, तू सांग ना यांना. तुझी गिऱ्हाईक होती ती. तूच सांगत होतीस."

याच वाक्याची वाट पाहिली होती. मी माइक ताईंपुढे धरला. त्या उठल्या. टाचण्यांशिवाय त्यांचं तोंड मला अनोळखी वाटलं.

"सांगत होते खरी," ताई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी मिळून शिवली तिला. अशी बाई कधी नव्हतीच, बाळ. मग तू कोणाच्या उशाशी बसला होतास?"

त्याने प्रकाशकाकडे पाहिलं.

"बरं, ते राहू दे. आईच्या उशाशी होतास का?"

हसणं थांबलं. प्रकाशकाने बाळच्या कोपराला हात लावला आणि म्हणाला, वेळ संपत आली आहे. ताई हलल्या नाहीत. "पाणी, पाणी अशा हाका तू ऐकल्यास, असं लिहिलंस ना? साक्षीदार म्हणून? कुठे उभा होतास तू तेव्हा?"

त्याने कॉलरचं वरचं बटण काढायचा प्रयत्न केला, निघेना. "ताई, घरी बोलू," तो पुटपुटला.

"घरीच तर कोणी नव्हतं माझ्याबरोबर. इथे बोल."

तो खाली बघत म्हणाला, "मी नव्हतो." अगदी हळू म्हणाला, पण टेबलावरचा माइक चालूच होता आणि सगळ्या भिंतींमधून ते दोन शब्द ऐकू आले. माइक चालू राहील याची काळजी मी घेतली होती.

"मी आलो होतो तेव्हा कुलूप होतं," तो म्हणाला. "बाकीचं मला माहीत नाही."

ताई खाली बसल्या. पदर नाही, रुमाल नाही, हातांनीच त्यांनी डोळे पुसले. जुनी मैत्रीण रांगा ओलांडून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

इथेच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण गाजावाजा झाला आणि पुस्तकाचा खप वाढला, ते मला अजून झोंबतं. प्रकाशकाने हा सगळा प्रकारच 'वाचकांच्या सहभागातून लिहिलेली कादंबरी' म्हणून विकायला काढला. अशा माणसांचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. मात्र पहिल्या कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीतून 'मी साक्षीदार आहे' हे वाक्य गेलं. मी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, कोणी मागो न मागो, दोन्ही हातात देते. मुलींना घेऊन येणाऱ्या बायका आता ताईंच्या मागच्या दाराकडे बघत नाहीत. ते सताड उघडं असतं.

बाळ काही दिवसांनी आला. मी तिथेच होते, माझ्या झग्याचा काठ वर घ्यायचा होता. हातात तो बंद गळ्याचा कोट. तंगड्या पसरून बसला नाही, उभाच राहिला. ताईंनी मशीन थांबवलं नाही.

"ताई, तू मला आधी विचारायचंस," तो म्हणाला. "मी माफी मागितली असती."

"पत्ता देऊ का म्हणून विचारलं होतं," ताई म्हणाल्या.

त्याला ते समजलं की नाही, देव जाणे. त्याने कोट मशीनशेजारी ठेवला. ओशाळून म्हणाला, "बाकी छान झालाय. फक्त गळा आवळतो गं. त्या दिवशी तर श्वास घेता येत नव्हता."

ताईंनी कोट उचलला, कॉलरवरून अंगठा फिरवला, डाव्या खांद्यातला कापूस चाचपून पाहिला. मग घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला.

"माहीत आहे," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या. "माप घेऊनच शिवलाय."